जुन्या गाडीच्या सीटा नव्याने मढवताना

मराठवाड्यात पंधरा-वीस वर्षे वापरात असलेल्या गाडीचे इंजिन अनेकदा ठणठणीत असते, पण दार उघडले की आतली अवस्था पाहवत नाही. चालकाच्या सीटची कड फाटून तिच्यातून फोमचा पिवळा भुगा गळत असतो, छताचे अस्तर मध्यभागी लोंबत असते आणि दारांच्या पॅडवर पाण्याचे, क्वचित गुटख्याचेही, डाग पडलेले असतात. अशा वेळी बहुतेक मालक सीट कव्हरच्या दुकानात जाऊन रंग निवडतात आणि जुन्याच सीटवर तयार कव्हर चढवून घेतात. गाडी वर्षभरात विकायची असेल तर तेवढे पुरेही होते. परंतु ती आणखी पाच-सात वर्षे वापरायची असेल, तर बसलेला फोम, मोडलेली स्प्रिंग आणि गालिच्याखालचा गंज या गोष्टी नव्या कव्हराखाली तशाच वाढत राहतात. म्हणून हे काम आतून बाहेर करावे : आधी पाणी आणि गंज, मग सीटचा सांगाडा, त्यानंतर फोम आणि सर्वांत शेवटी कापड. पुढची सर्व माहिती याच क्रमाने दिली आहे.

पैसे खर्च करण्यापूर्वी

खासगी मोटारीची नोंदणी पहिल्यांदा 15 वर्षांसाठी असते आणि त्यानंतर दर 5 वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. त्या वेळी आरटीओ कार्यालयात गाडीची तपासणी होते. तेव्हा आरसी पुस्तकावरील मुदत आधी पाहावी आणि गाडीचा पत्रा, चॅसी व इंजिन त्या तपासणीला टिकतील अशी गॅरेजवाल्याची खात्री झाल्यानंतरच आतील कामाला हात घालावा. सीटांचे कापड, फोम किंवा अस्तर बदलण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. सीटांची संख्या बदलणे मात्र वेगळी गोष्ट आहे. सुमो किंवा बोलेरोच्या मागच्या भागात जास्तीचे बाक बसवणे, अथवा ओम्नीतील मागची सीट कायमची काढून टाकणे, यामुळे गाडी आरसीवरील नोंदीशी जुळेनाशी होते आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली तो बेकायदा फेरफार ठरतो.

दुसरा निर्णय हंगामाचा. दिवाळीनंतर फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ या कामाला सर्वांत सोयीचा असतो. पावसाळ्यात दमट हवेमुळे चिकटवण्याचे सोल्यूशन नीट धरत नाही आणि धुतलेला फोम आतून ओला राहतो. एप्रिल-मे महिन्यांत, नांदेड-परभणीकडे पारा 42-43 अंशांवर गेलेला असताना, लावलेले सोल्यूशन कापड टेकवण्याआधीच सुकते आणि बंद गाडीत त्याचा वास कोंडतो. उन्हाळ्यातच काम करणे भाग असेल तर चिकटवण्याचे काम सकाळी नऊच्या आत उरकावे.

नवशिक्याने सगळे स्वतः करण्याचा हट्टही धरू नये. सीटा काढणे, स्वच्छता, गंज काढणे, फोमची डागडुजी आणि शेवटी कव्हर चढवणे ही कामे घरी सावकाश करता येतात. शिलाई मात्र कारागिराकडे द्यावी, कारण रेक्झिन आणि फोम लावलेले कापड यांचे दोन-तीन थर घरच्या शिलाई यंत्राला ओढवत नाहीत. त्यासाठी वरचा पायही कापडाबरोबर पुढे सरकणारे, वॉकिंग फूटचे जड यंत्र लागते. ट्रॅक्टरच्या सीटा, मोटारसायकलची गादी आणि सोफ्याची कामे करणारे ‘कुशन वर्क्स’ची पाटी लावलेले दुकान बहुतेक तालुक्याच्या गावी सापडते. मोठ्या शहरातील चकचकीत दालनापेक्षा अशा कारागिराकडून जुन्या गाडीचे काम अधिक मनासारखे होते असे माझे मत आहे, कारण तो नमुना पाहून कापतो आणि तुम्ही शेजारी उभे राहिलात तरी त्याला चालते. मजुरी ठरवताना कापड, फोम, शिलाई आणि चढवणी यांचे भाव वेगवेगळे विचारावेत. एकच ठोक आकडा सांगितला गेला की काटकसर हमखास फोममध्ये होते, कारण तो कोणाला दिसत नाही.

सीटा बाहेर काढणे

साधने फार लागत नाहीत : 10, 12, 14 आणि 17 मिलिमीटरच्या गोट्यांसह गोटीपाना, पक्कड, कापणी पक्कड, दोन प्रकारचे स्क्रू ड्रायव्हर, प्लॅस्टिकची चपटी पट्टी, गंज सैल करणारा स्प्रे, हातमोजे, मास्क आणि मोबाइल. सीटच्या रुळांचे बोल्ट वर्षानुवर्षे चिखल-पाण्यात राहिल्यामुळे जाम झालेले असतात. त्यांच्यावर आदल्या संध्याकाळी स्प्रे मारून ठेवावा. घाईने जोर लावल्यास बोल्टचे डोके गोल होते किंवा बोल्ट गाडीच्या तळपत्र्यातच तुटतो आणि अर्ध्या तासाच्या कामासाठी वेल्डरला बोलवावे लागते.

सर्वप्रथम बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी. सीटखाली वायर किंवा जोडणी दिसल्यास तिचा रंग पाहावा. पिवळ्या रंगाची जोडणी एअरबॅगशी किंवा सीटबेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेशी संबंधित असते. तिला बॅटरी जोडलेली असताना हात लावू नये आणि तार काढल्यानंतरही काही मिनिटे थांबावे. सीटच्या बाजूवर ‘एअरबॅग’ असे लेबल शिवलेले असेल, तर त्या सीटचे काम घरी किंवा साध्या कुशनवाल्याकडे करूच नये. तिथली शिवण ठरावीक ताणाला उसवावी अशी मुद्दाम घातलेली असते आणि तिच्यावर मजबूत दुहेरी टीप मारली गेली, तर अपघातात एअरबॅग बाहेर येऊ शकत नाही. मारुती 800, झेन, इंडिका, ओम्नी अशा गाड्यांच्या सीटांत हा प्रश्न येत नाही.

पुढची सीट मागे सरकवून पुढचे दोन बोल्ट आणि पुढे सरकवून मागचे दोन बोल्ट काढावेत, म्हणजे सीट रुळांसह बाहेर येते. मागच्या सीटची बैठक बहुधा खटक्यांत किंवा एक-दोन बोल्टवर बसवलेली असते, तर पाठ खाली बोल्टने आणि वर आकड्यांवर अडकवलेली असते. त्यामुळे बैठक आधी निघते आणि पाठ वर उचलून सुटते. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे आणि प्रत्येक ठिकाणचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी लावून ठेवावेत. लांबीत थोडाच फरक असलेले बोल्ट एकमेकांच्या जागी गेले तर एकतर घट्ट बसत नाहीत किंवा खालच्या पत्र्यातून बाहेर डोकावतात.

एक धोका नवख्यांना माहीत नसतो. पाठ मागेपुढे करणाऱ्या यंत्रणेत ताणलेली जाड स्प्रिंग असते, आणि सीट सुटी झाल्यावर सहज म्हणून तिचा खटका ओढला तर पाठ वेगाने पुढे आपटते. बोटे आणि हनुवटी दोन्ही त्या वाटेत असतात. सीट बाहेर काढताना पाठ बैठकीवर पूर्ण दुमडून दोरीने बांधून ठेवावी.

तळ : पाणी कुठून येते ते आधी शोधावे

सीटा निघाल्या की गालिचा आणि त्याखालचा जाड नमदा उचलावा. कापसाच्या किंवा कडब्याच्या ढिगाशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत येथे उंदरांचे घरटे सापडणे मुळीच दुर्मीळ नाही. उंदरांची घाण कोरडीच झाडू नये. त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिससारखे आजार पसरतात, म्हणून मास्क आणि हातमोजे घालून जंतुनाशकाचे पाणी शिंपडावे, ते मुरू द्यावे आणि ओल्या फडक्याने पुसून फडके फेकून द्यावे. त्याच वेळी वायरींचे वेष्टण कुरतडलेले आहे का ते पाहावे. उघडी पडलेली तार नव्या गालिच्याखाली गाडून टाकणे म्हणजे आगीला निमंत्रण आहे.

नमदा ओला असेल तर तो पाण्याचा मार्ग सापडल्याशिवाय परत घालू नये. एका व्यक्तीने आत बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने आधी पुढच्या काचेवर, मग एकेका दारावर आणि शेवटी डिकीवर पाणी सोडावे. सर्व बाजूंनी एकदम पाणी मारले तर काहीच कळत नाही. बहुतेक वेळा दोष पुढच्या काचेच्या रबरात, दारांच्या कडक झालेल्या रबरांत किंवा जमिनीतील छिद्रांच्या गळून पडलेल्या रबरी बुचांत सापडतो. दाराच्या खालच्या कडेला पाणी बाहेर जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. आपल्याकडची काळी माती त्यांत बसून दगडासारखी होते, पाणी दारातच साचते आणि पत्रा आतून कुजतो. जाड तार घालून ती छिद्रे मोकळी करावीत.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढावा, गंजरोधक रसायन लावून ते सुकू द्यावे, त्यावर रेड ऑक्साइडचा किंवा झिंकयुक्त प्राइमरचा हात द्यावा आणि मग रंग द्यावा. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबल्यावर पत्रा आत जात असेल, तर तो भाग कापून नवा तुकडा वेल्डिंगने बसवावा लागतो, आणि सीटचे किंवा बेल्टचे बोल्ट जिथे धरलेले असतात तिथे पत्रा कुजला असेल तर या दुरुस्तीत कसलीही तडजोड चालत नाही. वेल्डिंगच्या आधी फोम, कापड आणि सोल्यूशनचा डबा गाडीपासून दूर न्यावा.

आवाज आणि उष्णता कमी करण्यासाठी जमिनीवर व दारांच्या आत डॅम्पिंगचे पॅड चिकटवता येतात. ते ब्यूटाइल रबराचे घ्यावेत. घराच्या गच्चीवर अंथरण्याचे डांबरी पत्रे स्वस्त पडतात म्हणून काही जण तेच लावून घेतात. मे महिन्यातल्या बंद गाडीत ते मऊ पडतात, वास मारतात आणि दारावरून खाली ओघळतात.

सीटा बाहेर आहेत तोवर छत आणि दारे

छताचे अस्तर सीटा काढलेल्या असतानाच बदलावे, कारण पुठ्ठ्याचा अखंड साचा सीटांच्या मधून वाकवून काढताना हमखास मोडतो. अस्तर लोंबते त्याचे कारण बहुधा सोल्यूशन नसते. कापड आणि साचा यांच्यामधला पातळ फोम उष्णतेने कुजून त्याची भुकटी झालेली असते, त्यामुळे कापडावरून सुईने सोल्यूशन टोचणे किंवा टाचण्या लावणे काही आठवड्यांपलीकडे टिकत नाही. साचा बाहेर काढावा, जुने कापड सोलावे, मऊ ब्रशने फोमचा प्रत्येक कण झाडावा आणि 3 मिलिमीटर फोम लावलेले नवे अस्तर उष्णतेला टिकणाऱ्या स्प्रे सोल्यूशनने चिकटवावे. दोन्ही बाजूंना सोल्यूशन मारून, बोट लावल्यावर चिकट लागेल पण बोटाला येणार नाही इतके ते सुकू द्यावे. मग मध्यापासून कडांकडे तळहाताने कापड बसवत न्यावे. साधे सोल्यूशन वापरल्यास पहिल्याच उन्हाळ्यात सगळे पुन्हा खाली येते. काही जुन्या गाड्यांत साचा नसून तारांच्या कमानींवर ताणलेले रेक्झिनचे अस्तर असते. ते बदलणे बरेच कौशल्याचे काम आहे आणि ते कारागिरानेच करावे.

हे सोल्यूशन ज्वलनशील असते आणि त्याच्या वाफेने डोके गरगरते. काम चारही दारे उघडी ठेवून किंवा अंगणात करावे आणि आसपास विडी-सिगारेट पेटवू देऊ नये.

दारांचे पॅड काढताना काच खालीवर करण्याच्या हँडलवर अनेकांचे काम अडते, कारण स्क्रू कुठेच दिसत नाही. जुन्या मारुती आणि तशाच इतर गाड्यांत हँडलच्या मागे तारेची एक छोटी क्लिप असते. हँडल आणि पॅड यांच्यामध्ये सुती कापडाची पट्टी घालून ती बूट पुसल्यासारखी आलटून पालटून ओढली की क्लिप उडून बाहेर येते. ती हरवू नये म्हणून खाली चादर अंथरावी. पॅडमागे चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद दिसेल. तो निरुपयोगी समजून फाडून टाकला जातो, आणि मग काचेवरून दारात उतरणारे पाणी थेट पॅडच्या पुठ्ठ्यात मुरते. तो फाटला असेल तर जाड प्लॅस्टिकचा नवा कागद कापून चिकटवावा. फुगलेला पुठ्ठा पुन्हा सरळ होत नाही. जुन्याचा नमुना ठेवून पातळ, पाण्यात न फुगणाऱ्या शीटचा नवा साचा कापून घ्यावा आणि त्यावर सीटचेच कापड मढवावे.

सांगाडा आणि फोम

येथून खरे महत्त्वाचे काम सुरू होते. जुने कव्हर काढताना दिसेल की कापडाच्या उलट बाजूला शिवलेल्या पट्टीतून तार ओवलेली आहे आणि ती तार धातूच्या छोट्या रिंगांनी फोममधल्या तारेला बांधलेली आहे. सीटवर दिसणाऱ्या खोलगट रेषा या तारांमुळेच पडतात. रिंगा कापणी पक्कडीने कापाव्यात, परंतु ओवलेल्या तारा जपून ठेवाव्यात, कारण त्याच लांबीच्या तारा नव्या कव्हरात पुन्हा लागतात. कव्हर कोठेही फाडू नये. ते फाटके असले तरी नव्या कव्हराचा नमुना तेच आहे.

सांगाड्यावरील नागमोडी स्प्रिंगा एकेक दाबून पाहाव्यात. आकडा सुटलेला असेल तर तो पुन्हा अडकवून वाकवावा. स्प्रिंग तुटली असेल तर त्याच जाडीची दुसरी घालावी, कारण स्प्रिंगच्या तारेला वेल्डिंग केल्यास ती तिथेच ठिसूळ होऊन पुन्हा तुटते. सांगाड्याला, विशेषतः पाठ आणि बैठक जोडणाऱ्या भागाला, तडा गेला असेल तर डागडुजी न करता चांगल्या स्थितीतील दुसरा सांगाडा शोधावा. रुळांमधील केस, खडे आणि वाळलेले ग्रीस रॉकेलने धुऊन लिथियम ग्रीसचा पातळ हात द्यावा. फार ग्रीस भरले तर त्यावर धूळ बसते आणि वर्षभरात रूळ पुन्हा खरखरू लागतो.

स्प्रिंगा आणि फोम यांच्यामध्ये गोणपाटाचा किंवा जाड नमद्याचा थर असलाच पाहिजे. तो नसेल तर स्प्रिंग फोमला करवतीसारखी कापत जाते. चालकाची सीट दाराकडच्या बाजूला खचण्याचे निम्मे कारण हेच असते, आणि उरलेले निम्मे म्हणजे चढता-उतरताना दर वेळी त्याच कडेवर पडणारा भार.

फोम संपूर्ण बदलावा का, हे हाताने दाबून ठरवता येते. तो दाबल्यावर लगेच वर येत असेल आणि फक्त कड झिजली असेल, तर तेवढाच भाग चौकोनी कापून नवा तुकडा सोल्यूशनने बसवावा आणि धारदार लांब सुरीने आकार द्यावा. कंपनीचा साच्यात ओतलेला मूळ फोम शक्य तितका टिकवावा, कारण त्याचा आकार कापीव फोममध्ये येणे अवघड असते. तो भुसभुशीत झाला असेल, तर दुकानातून ‘एचआर’ (हाय रेझिलियन्स, म्हणजे दाबून सोडल्यावर लगेच उसळणारा) प्रकारचा आणि किमान 40 डेन्सिटीचा फोम मागावा. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचे किलोग्रॅममधील वजन. हलक्या डेन्सिटीचा फोम दुकानात बोटाने दाबून पाहताना छान मऊ लागतो आणि वर्षभरात चपटा होतो.

बसायला गुबगुबीत वाटावे म्हणून दोन-दोन इंच जादा फोम भरण्याची हौस आपल्याकडे फार आहे आणि ती मला पटत नाही. बैठक उंच झाली की डोके छताला लागते, मांड्या स्टीअरिंगखाली अडकतात, डोके टेकण्याचा आधार मानेच्या पातळीवर येतो आणि मागून धडक बसल्यास तो मानेला वाचवण्याऐवजी इजा करतो. वरून फक्त 10-12 मिलिमीटरचा एक मऊ थर पुरे होतो. जालना ते नांदेडसारख्या लांबच्या प्रवासात पाठीला आराम मिळतो तो मऊपणामुळे नव्हे, तर कंबरेपाशी फोमचा मूळ उठाव शाबूत असल्यामुळे.

कापडाची निवड

येथे हवामान हाच पहिला निकष आहे. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतील हवा साठ अंशांपर्यंत तापते, आणि काळे रेक्झिन त्याहूनही अधिक. रेक्झिन पुसायला सोपे, पाण्याला दाद न देणारे आणि स्वस्त असते. पण ते घाम शोषत नाही, उन्हाळ्यात पाठीला चिकटते आणि स्वस्त प्रतीचे असेल तर उन्हात त्यातील मऊपणा देणारे द्रव्य उडून जाऊन ते तडकते. पीयू लेदर, म्हणजे पॉलियुरेथेनचे कृत्रिम चामडे, हाताला अधिक मऊ लागते आणि दिसतेही सुंदर, मात्र त्याचा हलका प्रकार काही वर्षांत पापुद्रे सोडतो, आणि एकदा पापुद्रे सुटू लागले की उपाय उरत नाही. खरे चामडे आपल्याकडच्या कोरड्या उष्णतेत नियमित क्रीम लावल्याशिवाय टिकत नाही. जुन्या छोट्या गाडीत त्यावर पैसे घालू नयेत. विणलेले पॉलिस्टर कापड बसायला सर्वांत सुखद असते, हवा खेळू देते, परंतु धूळ आणि चहाचे डाग शोषते.

माझी शिफारस मिश्र रचनेची आहे. जिथे अंग टेकते तो बैठकीचा आणि पाठीचा मधला भाग कापडाचा ठेवावा, आणि कडा, मागची बाजू व डोक्याच्या आधाराची पाठ चांगल्या प्रतीच्या रेक्झिनची करावी. झीज कडांवर होते आणि घाम मध्यभागी येतो, त्यामुळे प्रत्येक वस्तू आपापल्या जागी उपयोगी पडते. शेतावर रोज जाणाऱ्या बोलेरोसाठी मात्र सगळेच रेक्झिन घेऊन वरून धुता येतील अशी सुती कव्हरे घालणे अधिक शहाणपणाचे. सरकारी अॅम्बेसेडरच्या सीटांवर पांढरे टॉवेल अंथरण्याची जुनी पद्धत दिखाऊ वाटत असली, तरी उन्हाळ्यात तिच्यात तथ्य होते.

रंग ठरवताना दुकानातल्या दिव्याखाली निर्णय घेऊ नये. तुकडा बाहेर उन्हात नेऊन पाहावा. काळा तापतो, पांढरट रंगावर आपली काळी माती लगेच उठते, आणि मातकट, तपकिरी किंवा मध्यम करडा रंग दोन्ही बाजूंनी निभावतो. छत्रपती संभाजीनगरचे हिमरू कापड सीटवर मढवण्याची कल्पना कोणाच्या तरी मनात येतेच. रेशीम आणि सुताचे ते विणकाम घर्षण आणि ऊन सोसण्यासाठी नसते. फारच आवड असेल तर त्याची एखादी छोटी उशी करावी.

कापड घेताना ते मोटारीसाठीच बनवलेले आहे का, हे विचारावे. गाडीच्या आतील वस्तूंच्या ज्वलनशीलतेसाठी भारतात आयएस 15061 हे मानक आहे, आणि पडद्याचे किंवा सोफ्याचे कापड त्यासाठी बनवलेले नसते. पाच आसनी छोट्या गाडीला दीड मीटरच्या आसपास पन्ह्याचे साधारण 7 ते 9 मीटर कापड लागते; दारांचे पॅड धरल्यास थोडे अधिक. सगळे कापड एकाच थानातून एकाच वेळी घ्यावे, कारण दुसऱ्या थानाच्या रंगात फरक येतो. धागा पॉलिस्टरचा मागावा. नायलॉन मजबूत असते, पण सतत ऊन लागल्यावर ते पॉलिस्टरपेक्षा लवकर कमजोर होते. सुती धागा या कामात चालतच नाही.

नमुना, शिलाई आणि चढवणी

दोन पुढच्या सीटांपैकी एकच आधी उसवावी आणि दुसरी पाहण्यासाठी तशीच ठेवावी. कव्हराचे तुकडे वेगळे करण्यापूर्वी प्रत्येकाच्या उलट बाजूला पेनाने क्रमांक, वरची दिशा दाखवणारा बाण आणि शेजारच्या तुकड्याशी जुळणाऱ्या आडव्या खुणा कराव्यात. या खुणा नसतील तर वळणदार कडा शिवताना एक तुकडा सरकतो आणि सीटवर शिवण तिरकी दिसते. उसवलेले तुकडे इस्त्री न करता सपाट करून जाड खाकी कागदावर उतरवावेत. चालकाच्या सीटचे कापड वापराने ताणलेले असते, म्हणून शक्य तिथे नमुना शेजारच्या सीटवरून घेऊन तो उलटा करावा. शिवणीसाठी अर्ध्या इंचाची माया (कडेला सोडलेले जादा कापड) धरावी आणि टाके इंचाला सहा ते आठ सांगावेत. त्याहून दाट टाके रेक्झिनमध्ये छिद्रांची रांग पाडतात आणि ते तिथूनच फाटते.

कारागिराला जुने तुकडे, कागदी नमुने, तारा आणि प्रत्यक्ष फोम बसवलेली सीट, असे सर्व एकत्र न्यावे. नुसत्या मापावर शिवून आणलेले कव्हर नव्या फोमवर घट्ट किंवा ढिले होते. पहिल्या सीटचे कव्हर चढवून पाहिल्याशिवाय बाकीची कापू देऊ नयेत. कारागीर घाई करील, तरी येथे थांबावे.

रेक्झिनचे कव्हर चढवण्याआधी पंधरा-वीस मिनिटे उन्हात ठेवावे, म्हणजे ते मऊ होऊन ताणले जाते. या कामात मराठवाड्याचे ऊन आपल्या बाजूने असते. फोमवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी पसरली तर कव्हर अडकत न राहता सहज सरकते, आणि ती पिशवी नंतर ओढून काढता येते. आधी मधल्या खोलगट रेषेतील तार फोममधल्या तारेला बांधावी, मग बाजूच्या रेषा, आणि शेवटी कडा खालून ओढून सांगाड्याला अडकवाव्यात. ओढ नेहमी मध्यापासून कोपऱ्यांकडे असावी. रिंगा बसवण्याची खास पक्कड नसेल तर चांगल्या प्रतीच्या केबल टायने काम होते. त्यांची कापलेली टोके आतल्या बाजूला वळवावीत. कापडाच्या कव्हरावर उरलेल्या सुरकुत्या वाफेच्या इस्त्रीने, कापडाला न टेकवता, जातात. रेक्झिनच्या सुरकुत्या एक-दोन दिवसांच्या उन्हाने आणि वापराने बऱ्याचशा बसतात.

पुन्हा बसवताना

आधी नमदा व गालिचा, मग मागची सीट आणि शेवटी पुढच्या सीटा. चारही बोल्ट प्रथम हाताने काही आटे फिरवून लावावेत आणि त्यानंतरच पान्याने आवळावेत, नाहीतर चौथा बोल्ट भोकाशी जुळत नाही. शेवटची आवळणी कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या ठरावीक जोराने), तो जोर मोजणारा टॉर्क रेंच वापरून करावी; गॅरेजमध्ये हे काम पाच मिनिटांचे आहे. दोन्ही बाजूंचे रूळ एकाच वेळी खटक्यात अडकतात का, हे सीटवर बसून, पुढेमागे जोर लावून तपासावे. एकाच बाजूने अडकलेली सीट जोरात ब्रेक लागल्यावर सुटते.

मागच्या सीटच्या बेल्टची बकले नव्या कव्हराखाली गाडली जाणे ही या कामातील सर्वांत सामान्य आणि सर्वांत अक्षम्य चूक आहे. बहुतेक मालकांच्या ती लक्षातही येत नाही, कारण मागे बेल्ट लावण्याची सवयच नसते. बकले वर काढूनच बैठक बसवावी. पट्ट्याच्या कडा पिंजल्या असतील किंवा ऊन लागून तो फिकट व कडक झाला असेल, तर त्याला टाके घालू नयेत. संपूर्ण संच नवा घ्यावा.

डॅशबोर्डची भेग पुटिंगने बुजवून रंगवता येते, पण प्लॅस्टिकला धरणारा प्राइमर आधी लावावा लागतो. त्यावर चकाकी आणणारे तेलकट पॉलिश लावू नये. दुपारच्या उन्हात त्याचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडते. तेच पॉलिश स्टीअरिंगवर किंवा पेडलवर पडले तर हात-पाय घसरतात. पायाखालचे मॅट खुंट्यांनी किंवा खालच्या रबरी पकडीने जागेवर राहिले पाहिजेत, आणि एकावर एक दोन मॅट कधीच अंथरू नयेत, कारण वरचा मॅट सरकून अॅक्सिलरेटरखाली अडकतो. मोबाइल चार्जर किंवा जादा दिवे बसवायचे असतील तर त्यांच्यासाठी वेगळा फ्यूज घालावा. काचांना काळी फिल्म लावण्याचा मोह टाळावा : 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम 100 प्रमाणे पुढच्या व मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार जावा लागतो, आणि काळ्या फिल्मबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये कडक निर्णय दिलेला आहे. गाडी उभी असताना समोरच्या काचेआड चंदेरी पडदा लावल्यास डॅशबोर्ड आणि नवे कापड दोन्ही वाचतात.

पहिले काही दिवस सोल्यूशनचा वास पूर्ण जाईपर्यंत सावलीत काचा थोड्या खाली ठेवाव्यात. पंधरा दिवसांच्या वापरानंतर सीटांचे सर्व बोल्ट पुन्हा एकदा तपासावेत, कारण नवा रंग आणि नमदा दबून त्यांची पकड किंचित सैल होते. उरलेले अर्धा मीटर कापड, थोडा धागा आणि कागदी नमुने घरात कोरड्या जागी, पिशवीवर गाडीचा क्रमांक लिहून ठेवावेत. डिकीत ठेवले तर ते उन्हाने सीटांबरोबरच फिके पडतात आणि ठिगळ लावायची वेळ येते तेव्हा उपयोगाचे राहत नाहीत.